रौद्यात बसवलेली मेंढरं

अल खोरच्या उत्तरेला, हमरस्ता सोडून सहा-सात किलोमीटर आत गेलं की एका म्हाताऱ्या कतारी मालकाचं शेत लागतं. तिथं बांगलादेशी रोपं लावतात, नेपाळी तोडणी करतात, केरळचा एकजण ट्रक चालवतो आणि माण तालुक्यातला जालिंदर कोकरे खत घालतो. सोळा वर्षं झाली, दुसरं काही नाही, फक्त खत. टाकीत युरिया किती, पोटॅश किती, एकोणीस-एकोणीसचं मिश्रखत कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बिनचूक सांगेल. शेतावर त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे 'खादवाला' म्हणतात आणि तोही ओ देतो.

गंमत अशी की याच्या सात पिढ्यांत कोणी खताचं पोतं उचललेलं नव्हतं. कोकरे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घराबाहेर पडायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, हा त्यांचा शिरस्ता. कृष्णाकाठचे बागायतदार त्यांची वाट बघत असायचे, कारण ज्या रानात कोकऱ्यांची मेंढरं चार रात्री बसली त्या रानाला त्या वर्षी दुसरं खत लागत नसे. जालिंदरच्या वडिलांना, आबांना, त्या पट्ट्यात मान होता. मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, कुठे लावायची आणि कधी उचलायची हे ते रानातून नुसती एक फेरी मारून ठरवत. रानमालकाने कितीही गळ घातली तरी पाचवी रात्र काढत नसत.

जालिंदरला यातलं काहीच नको होतं. सव्विसाव्या वर्षी त्याने व्हिसा मिळवला आणि निघायच्या आदल्या दिवशी, सगळी भावकी दारात जमलेली असताना, तोंडाला येईल ते बोलून गेला. "जल्मभर मेंढरामागं लेंड्या तुडवत हिंडलासा. काय मिळालं तुमाला? कोण वळकतं?" जालिंदर एकुलता एक. कळपामागे चालणारं कोणी उरलं नाही, म्हणून पुढच्या दिवाळीला आबांनी मेंढरं विकली आणि घरासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिले. तेव्हापासून बापलेकांमध्ये अबोला होता असं कोणी म्हणू शकलं नसतं. जालिंदरने फोन लावला की आबा "बरा हाईस न्हवं?" एवढं विचारत आणि उत्तर यायच्या आत फोन सुनेकडे, सत्यभामाकडे देत. तो दोन वर्षांनी सुट्टीवर गेला तरी तेच. आबांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला ते परवडलं असतं. सोळा वर्षं त्याला आबांचं एक सरळ वाक्य हवं होतं आणि ते मिळत नव्हतं.

खताचं म्हणाल तर सुरुवातीला शेतावरही सगळं बेताचंच होतं. मालकाची शेती म्हणजे हौस. थोडी भेंडी, थोडी खरबुजं, उंटांना चारा. शेडमध्ये दहा-बारा पोती असायची आणि ती हंगामभर पुरायची. दोहाच्या बाजारात भाजी बाहेरूनच, सरहद्दीपलीकडून ट्रकने यायची, मग इथे कोण मरमर करणार? दोन हजार सतराच्या जूनमध्ये शेजारी देशाने भांडणात ती सरहद्द एकाएकी बंद केली. हौशी मालक एका आठवड्यात खरा शेतकरी झाला. रोज दुपारी गाडीतून यायचा आणि खिडकीची काच खाली करून एकच वाक्य म्हणायचा, "यल्ला खादवाला, जास्ती डालो."

जालिंदर जास्ती घालत गेला. युरियाला इथे तोटा नाही, अल वक्राच्याही पलीकडे गॅसपासून तो ढिगाने बनतो. दहा पोत्यांची पन्नास झाली, मग शेड पुरेना म्हणून ताडपत्रीखाली थप्प्या लागल्या. काकडी तर अशी धरली की तोडणाऱ्यांना दिवस पुरेना. मालकाने पाहुणे आणून त्यांना शेत दाखवलं, खादवाल्याला मध्ये उभं करून फोटो काढला. जालिंदरने तो फोटो घरी पाठवला. सत्यभामा म्हणाली, आबांनी बघितला. काय म्हणाले, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

तीन वर्षांनी जमिनीने हात टेकले. बोअरचं पाणी दरसाल जास्त खारं होत होतं, त्यावर खताचा मारा, आणि वरून असं ऊन की पाणी उडून जायचं अन् क्षार तेवढे मागे राहायचे. सकाळी वाफ्यावर पांढरी खपली दिसायची, बोटाने उचलून घेता यावी इतकी जाड. एकेक तुकडा नापीक होत गेला. मग त्यावर पांढरं प्लॅस्टिक अंथरलं गेलं, जाळीची घरं उभी राहिली आणि काकडी नारळाच्या भुशाने भरलेल्या पिशव्यांत वाढायला लागली. खादवाल्याची नोकरी राहिली, उलट काम वाढलं. पण पायाखाली माती लागेनाशी झाली.

शेवटी उरला तो रौदा. रौदा म्हणजे सखल जागा, वर्षातून एकदा कधीतरी पाऊस पडला की आजूबाजूचं पाणी गाळासकट जिथे येऊन थांबतं ती. दोन एकरांचा तुकडा, माती तांबूस आणि मऊ. मालकाची आई तिथे कांदा लावायची, म्हणून तो त्यावर प्लॅस्टिक टाकू देत नव्हता. पण तिथलंही पीक घटत चाललं होतं. मुलतानचा आफताब शेतावर इंजिनियर आहे, सरळ माणूस. त्याने गेल्या ऑगस्टमध्ये मालकाला स्पष्ट सांगितलं, "एक सीझन और, फिर ये भी बंद करना पड़ेगा."

त्या वेळी जालिंदर शेजारी उभा होता. पलीकडे कुंपणाबाहेर शेजाऱ्याचा इझबा, म्हणजे जनावरांचा गोठा, आणि तिथला सुदानी मेंढपाळ रिफत आपली दीडशे मेंढरं हाकत चालला होता. जालिंदर मालकाला आपोआप बोलून गेला, "अरबाब, इधर भेड बिठाओ. हमारा बाप सत्तर साल येई काम किया. रान एकदम जिंदा होता."

सत्तर वर्षांचा आकडा फुगवलेला होता, पण मालकाला बाप या शब्दाने धरलं. त्याने रौद्याकडे नजर टाकली. मग म्हणाला, "तय्यब, ठीक है. एक सीझन. इन्शाल्ला."

आफताबने संध्याकाळी जालिंदरला बाजूला घेतलं. "भाई, ये मुलुक अलग है. यहाँ की भेड़ खारा पानी पीती है, खारे पानी का चारा खाती है. जो खाएगी, वही तो ज़मीन को देगी ना?" माणूस मातीतले क्षार मीटरने मोजून, विचार करून बोलत होता. जालिंदरने मान डोलावली आणि ऐकलं मात्र नाही. खतातलं मला शिकवतो, असं त्याला वाटलं. खरं तर त्या दिवशी त्याच्या डोक्यात खत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, म्हणजे गावाकडे साडेपाचला, त्याने फोन लावला. आबांनी विचारायच्या आधीच बोलून टाकलं, "आबा, वाघर कशी लावू? हितं वाळू हाय, खुट्ट्या धरत न्हाईत."

फोन गेला सत्यभामाकडे, असं त्याला वाटलं.

"मेंढरं किती?" आबांनी विचारलं.

"दीडशे."

"गाभण किती?"

"त्ये न्हाई इचारलं."

"मग आदी इचार. गाभण मदी घे, कडंला ऱ्हायली तर वाघरीचा रेटा बसून गाभडत्यात. आन् खुट्टी उभी ठोकू नगंस. वाळूत हातभर खाली आडवी पूर, दोरी तेवढी वर काढ."

फोन पाऊण तास चालला. ठेवल्यावर जालिंदर खताच्या पोत्यावर बसला आणि रडला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, दुपारच्या उन्हात, शेडमध्ये. नेपाळ्यांनी बघितलं तर बघू दे म्हणाला.

मग रोज तीन वाजता फोन. माशांच्या जुन्या जाळ्यांची वाघर झाली. जालिंदरने रौद्याचे चार भाग केले, एकेका भागात चार रात्री मेंढरं बसवायची, सूर्य वर यायच्या आत उठवायची. मालकाच्या शब्दावर शेजाऱ्याने मेंढरं दिली होती. रिफतला आधी हसू आलं, मग तोही रंगला. सत्यभामा सांगायची, म्हातारं आता जेवतंय नीट. देवळापाशी जाऊन बसतंय. लोकांना सांगतंय, "आमची मेंढरं सध्या अरबस्तानात बसल्याती." एकदा आबांनी व्हिडिओवर वाघर बघितली, एक कोपरा ढिला दिसला म्हणून जालिंदरला फैलावर घेतलं. त्या दिवशी जालिंदर दिवसभर शीळ घालत होता.

सोळा दिवसांत काम संपलं. सोळाव्या दिवशी आबा म्हणाले, "झालं मग. आता मी सांगन्यासारकं काय न्हाई." त्यांचा आवाज खाली आला होता.

जालिंदरला ते सोसेना. "आबा, हितली वाळू लई भुकेली हाय. आनी एक फेरा मारू का?"

"मार की," आबा म्हणाले. "वाळूच हाय, तर मार."

आणि तो फेरा संपला तेव्हा तिसरा. चार रात्रींच्या जागी बारा झाल्या. आयुष्यात पाचवी रात्र न काढलेले आबा आणि जास्तीच्या खताने रानं कशी नापीक झाली ते डोळ्यांनी पाहिलेला जालिंदर, दोघांपैकी एकाला तरी हे कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण फोन बंद व्हायला दोघांनाही नको होता. त्यांच्या मूर्खपणाचा राग यावा तर तो येतही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कांद्याची रोपं लावली. दहा दिवस बरी दिसली. अकराव्या दिवशी पातींचे शेंडे पिवळे पडले, मग तपकिरी, मग दोरे झाले. सरींच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. आफताबने मातीत मीटर घातला. मेंढरं बसायच्या आधी क्षारांचा आकडा पाच होता, आता सतरा. तो "मैंने कहा था" म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "तुम्हारे वहाँ बारिश आती है ना, भाई. वो नमक को नीचे ले जाती है. यहाँ कौन ले जाएगा?"

जालिंदरला ते तेव्हा उमगलं. कृष्णाकाठी मेंढरं उठून गेली की मागून पावसाळा यायचा. क्षार खाली न्यायचं काम पाऊस करायचा आणि नाव मेंढरांचं व्हायचं. आबांना कधी त्याचा विचार करावा लागला नव्हता, म्हणून त्यांनी तो सांगितला नव्हता.

त्याने हातपाय गाळले नाहीत. मालकाची परवानगी काढून गोड्या पाण्याचे टँकर मागवले, आठ दिवस रौदा धुतला. खाली खडकाचा थर. पाणी जिरलं, क्षार खाली गेले आणि उन्हाने पुन्हा वर ओढून आणले. आधीपेक्षा जाड खपली बसली. रोपं गेली. नवीन लावली, तीही गेली.

आणि रोज तीन वाजता आबा विचारत होते, "उगावलं का? आरं दाव की."

पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, नेटवर्क नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, उगवलंय. तिसऱ्या आठवड्यात आबा फारच मागे लागले, तेव्हा तो फोन घेऊन जाळीच्या घरात शिरला आणि काकडीचे डोक्याएवढे उंच वेल दाखवले. "कांद्याच्या आदी काकडी लावली, आबा."

"ही आपल्या मेंढरांची?" आबांनी विचारलं.

"व्हय आबा."

आबांनी सत्यभामाला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली. चार-पाच माणसं पडद्यावर दाटीने उभी राहिली. जालिंदर फोन उंच धरून चालत होता, खालच्या पिशव्या दिसू नयेत म्हणून. आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी भर लोकांत टाकलेला शब्द आज भर लोकांत परत घेतला गेला, असं त्यांना वाटत असणार. जालिंदरलाही तसंच वाटलं. दोन महिने त्याने ती काकडी पुरवली.

फेब्रुवारीत मालकाने रौद्यावर बुलडोझर आणला. वरची वीतभर माती खरवडून न्यायची, सपाट करायचं आणि जाळीघर उभं करायचं, असं ठरलं होतं. मालक स्वतः आला, कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आणि बघत राहिला. जालिंदर त्याच्यामागे उभा होता. मालकाच्या आईची तांबूस माती ट्रकमध्ये पडत होती. तीन वाजले. फोन वाजला, आज आबांनीच केला होता.

"रान दाव," आबा म्हणाले. "वेल लई बघितलं. मला आज नुसती माती दाव. मातीचा रंग बघितला की मला कळतंय मेंढरं किती मुरली त्ये."

जालिंदरला समोरच्या बुलडोझरचा आवाज लपवता आला नसता. कदाचित आला असता. पण दोन महिने खोटं बोलून तो थकला होता. त्याने फोन रौद्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं. कांदा जळला. तुकडा गेला. काकडी दुसरीकडची, पिशवीतली, तिला मेंढराची एक लेंडी लागलेली नाही. मेंढरं खारं पाणी पितात, हितं पाऊस न्हाई, बारा राती लई झाल्या. बोलताना त्याची नजर बुलडोझरवरच होती.

सगळं ऐकून झाल्यावर आबा म्हणाले, "बारा राती मी काढायला लावल्या."

"न्हाई आबा, मीच म्हनलं."

"तू इचारलंस. हुकूम माजा हुता. कुनाचं रान जाळलं म्हनायचं मी?"

"मालकाचं. हितं बसल्याती."

"त्यांस्नी फोन दे."

"आबा, त्येनला मराटी येत न्हाई."

"दे म्हनतोय न्हवं."

जालिंदरने फोन मालकासमोर धरला. पडद्यावर आबांनी डोक्यावरचं मुंडासं उतरवलं होतं आणि ते दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं. उघडं पांढरं डोकं खाली झुकलेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणापुढे मुंडासं उतरवल्याचं जालिंदरने पाहिलं नव्हतं.

"ये कौन?" मालकाने विचारलं.

"मेरा बाबा. भेड का... वो बोलता, उसका गलती. वो माफी मांगता."

मालक खुर्चीतून उठला. गुडघे धरून, सावकाश, पण उठला. उजवा हात छातीवर ठेवला. "बाबा को बोलो," तो म्हणाला, "ये जमीन पहले से खलास था. इतना साल मैं बोला, जास्ती डालो, जास्ती डालो. मेरा गलती. बाबा का भेड़ का कोई गलती नहीं. बाबा को बोलो, शुक्रन."

जालिंदरने एकही शब्द न गाळता, न घालता, तसंच्या तसं मराठीत सांगितलं. सोळा वर्षांत त्याने आबांना सांगितलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट होती आणि ती अक्षरन्‌अक्षर खरी होती.

आबांनी मान वर केली. "त्ये असं म्हनलं?"

"व्हय आबा."

"काकडी दावलीस तवाबी तू 'व्हय आबा'च म्हनला हुतास."

जालिंदरने मालकाला हाताने खूण केली, फिरसे बोलो, अरबाब, फिरसे बोलो. मालकही समजूतदार, तो फोनच्या जवळ आला आणि सगळं पुन्हा बोलला, सावकाश, मोठ्याने, छातीवरचा हात न काढता. आबांना त्या अरबी वळणाच्या हिंदीतलं एक अक्षर कळत नव्हतं. ते त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले, मग लेकाकडे.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हनून त्या बिचाऱ्याला कशाला दमवतुयास?"

आणि त्यांनी फोन ठेवला. मालकाचं बोलणं अजून संपलं नव्हतं.